पाणी कोठे बंद होते?

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी आमच्या न्हाणीघरात पाइप फुटला. फुटला म्हणजे गीझरकडे जाणाऱ्या नळीचे टोक भिंतीतल्या जोडापासून निसटले आणि समोरच्या भिंतीवर पिचकारी सुरू झाली. आई शाळेत, बाबा कचेरीत. घरी मी आणि आजी. अ‍ॅरिस्टॉटलच्या विरेचनावर दहा गुणांचे उत्तर मी झोपेतही लिहीन. पण आपल्याच घरातले पाणी कोठे बंद होते हे मला ठाऊक नव्हते. टॉवेल घेऊन मी तो जोड दाबून उभी राहिले. एवढेच सुचले.

आजी गांगरली नाही. तिने आधी बाहेरूनच, कोरड्या हाताने, गीझरचे बटण बंद केले. मग न्हाणीघरातले खालचे दोन्ही नळ सोडून त्यांखाली बादल्या लावल्या. पिचकारीचा जोर निम्म्यावर आला. एकाच ओळीवरचे खालचे नळ सोडले की वरच्या फुटीवरचा दाब उतरतो, हे तिला कोणी शिकवले नव्हते. चाळीत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला पाण्याचा स्वभाव कळतो.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "प्लंबरला बोलाव." प्लंबर म्हणाला, "तासाभरात येतो, तोवर कॉक बंद करा." कोणता कॉक? मी खाली धावले. वॉचमनकाकांनी मीटरजवळचा कॉक बंद केला. वर येऊन पाहते तो पाणी तसेच! तो कॉक नगरपालिकेचे पाणी तळाच्या टाकीत येण्यापासून अडवतो. आमच्या नळाला पाणी येते ते गच्चीवरच्या टाकीतून. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी परगावी. एव्हाना खालच्या काकू, त्यांच्या छताला ओल आली म्हणून, वर आल्या होत्या.

शेवटी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी स्टूल मागितले, न्हाणीघरावरच्या माळ्यावरचे पत्र्याचे डबे बाजूला सारले आणि मागे हात घातला. तेथे एक पितळी चक्री होती. आधी ती हलेना. त्यांनी कोरडे फडके गुंडाळून ती थोडी पुढे, थोडी मागे करीत सैल केली. सात-आठ फेऱ्यांनंतर पिचकारीचे थेंब झाले. "वरच्या मजल्यावर बी अशीच हाय," त्या म्हणाल्या.

त्या घरात आम्ही चौदा वर्षे राहतो. माझ्या आईने ती चक्री कधी पाहिलेली नाही. संध्याकाळी बाबा म्हणाले, "हो, माळ्यावरच असेल बहुतेक." हे 'बहुतेक' मला अजून सलते. पाइप, फ्यूज, गच्चीची किल्ली ही पुरुषांची खाती, असे आपण धरून चालतो. आणि पाणी फुटते तेव्हा घरी असतात म्हाताऱ्या बायका, शाळकरी मुले, नाहीतर माझ्यासारख्या परीक्षार्थी मुली. माझे स्पष्ट मत असे की, दिवसा घरी जो असतो त्याच्याच हाती ही माहिती हवी.

'मुख्य कॉक बंद करा' हा छापील सल्ला स्वतंत्र बंगल्याला ठीक आहे. आमच्यासारख्या इमारतींत गच्चीवरून स्वयंपाकघराला एक आणि न्हाणीघराला दुसरा, असे वेगवेगळे पाइप उतरतात. तेव्हा घरात कॉकही एकाहून अधिक असतात. कोणता फिरवला की कोणता नळ थांबतो, हे एका रविवारी स्वतः फिरवून पाहण्यावाचून कळत नाही. चक्रीचा जुना कॉक वर्षानुवर्षे न फिरवल्यास क्षार बसून अडकतो, आणि ऐन वेळी जोर लावला तर त्याचा दांडाच तुटतो. दांडीचा नवा कॉक सोपा: दांडी पाइपच्या रेषेत असली तर पाणी चालू, आडवी केली की बंद.

काही जण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला? शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असावे असे सरकारी मान आहे. हजार लिटरची टाकी रिकामी झाली म्हणजे सात माणसांचे दिवसाचे पाणी मोरीत गेले. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते याच राज्यात.

आता त्या चक्रीला मी लाल रंग दिला आहे. गच्चीची दुसरी किल्ली वॉचमनकडे असावी, असा अर्जही सोसायटीला दिला. चोरांचे भय पुढे करून तो तूर्त बाजूला ठेवला गेला आहे. असो. आजीचा हात मात्र स्टुलावर चढूनही माळ्यापर्यंत पोचत नाही. कॉक खाली, तिच्या हाताच्या उंचीवर आणता येईल, असे प्लंबर म्हणतो. त्यासाठी चार टाइल्स फोडाव्या लागतील, म्हणून बाबा अजून तयार नाहीत.