निकालपत्रावरचा घराचा हिशेब

वऱ्हाडात दहावी-बारावीची परीक्षा आणि हरभऱ्याची सोंगणी एकाच सुमारास येतात. तालुक्याच्या गावी केंद्रांवर बैठक क्रमांक लागत असतात, त्याच वेळी वावरात मजूर मिळत नाही म्हणून घरातला प्रत्येक हात मोजला जात असतो. २०२५ मध्ये राज्य मंडळाने बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू केली. निकालही लवकर लागले, ५ मे आणि १३ मे रोजी. वऱ्हाडात मे महिना म्हणजे पंचेचाळीस अंशांचे ऊन, बियाण्यांची जुळवाजुळव आणि पीककर्जासाठी बँकेच्या चकरा. एका वर्षाचा जमाखर्च मिटवून दुसऱ्या वर्षाचा मांडायचा, नेमक्या त्या दिवसांत पोराचे निकालपत्र घरी येते आणि नकळत त्याच वहीत जाऊन बसते.

परीक्षेच्या ताणाविषयी दरवर्षी जानेवारीत व्याख्याने होतात. अमरावतीतही होतात, अकोल्यातही होतात. वेळापत्रक आखा, दीर्घ श्वसन करा, भ्रमणध्वनी दूर ठेवा, सकारात्मक विचार करा, असे सांगितले जाते. या सल्ल्यात चुकीचे काही नाही. मात्र त्यामागे एक गृहीत आहे : मुलाला प्रश्नपत्रिकेची भीती वाटते आणि तेवढी घालवली की काम झाले. पश्चिम विदर्भातील फार मोठ्या संख्येच्या मुलांना प्रश्नपत्रिकेची भीती दुय्यम असते. त्यांना घराचा हिशेब ठाऊक असतो.

हा हिशेब कठीण नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा घ्या. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट या भागांत भूगर्भातील पाणी खारे, त्यामुळे विहीर खणून ओलित करण्याची सोय फारशी नाही. शेती पावसाच्या भरवशावर. सोयाबीन एकरी सहा-सात क्विंटल झाले तर बरे म्हणायचे. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याहून खाली गेला. म्हणजे एकरामागे हाती येणार तीस हजारांच्या आसपास, तेही बी-बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी वजा करण्यापूर्वी. आता दुसरी बाजू. पोराला अकोल्याला ठेवायचे तर शिकवणीचे शुल्क, खोलीचे भाडे, खानावळ आणि पुस्तके धरून वर्षाचा खर्च लाखाच्या पुढे जातो. चार-पाच एकरांचे अख्खे पीक एका मुलाच्या एका वर्षावर लागते. सोळा वर्षांच्या मुलाला एवढे गणित येते. किंबहुना हे एकच गणित त्याला झोपेतही सुटत असते.

गेल्या काही वर्षांत अकोला हे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीचे पश्चिम विदर्भातील मोठे केंद्र झाले. तोष्णीवाल ले-आऊटच्या परिसरात संध्याकाळी सायकलींची आणि दुचाकींची जी गर्दी उसळते, तीत वाशीम, बुलडाणा, हिंगोलीकडून आलेली मुले मोठ्या संख्येने असतात. कनिष्ठ महाविद्यालयात नाव गावाकडे आणि प्रत्यक्ष शिक्षण शिकवणी वर्गात, ही व्यवस्था आता कोणाला खटकतही नाही. २०२४ मध्ये ‘नीट’ला देशभरातून सुमारे २३ लाख विद्यार्थी बसले, वैद्यकीय पदवीच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. वीस-बावीस मुलांत एक जागा, तीही शासकीय मिळेलच असे नाही. उरलेले एकोणीस-वीस कोणाचे, याची जाहिरात कोणी करत नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गात प्रवेश देऊ नये अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी ‘फाउंडेशन’ हा शब्द आठवीच्या पालकांच्या तोंडी आहेच.

या पालकांना लोभी किंवा निष्ठुर ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. गाडगेबाबा या मातीतले, शेंडगावचे. हातावर भाकरी घेऊन खावी लागली तरी चालेल, पण पोराला शिकवा, हा धोशा त्यांनी कीर्तनांतून आयुष्यभर लावला. शाळेची पायरी न चढलेल्या या संताचे नाव आज अमरावती विद्यापीठाला आहे. वऱ्हाडातील शेतकऱ्याने बाबांचे म्हणणे अक्षरशः पाळले. दागिना मोडला, वावर गहाण टाकले, पण शाळा सोडू दिली नाही. बाबांनी सांगितलेल्या त्यागात परतफेडीची अट नव्हती. ती अट पुढे कधीतरी आपल्या घरांनी घातली, आणि तीही शब्दांत न मांडता. ‘तुझ्यासाठी एवढे केले’ असे म्हणणारे आईबाप थोडेच असतात. बहुतेक घरांत काहीच म्हटले जात नाही. बाप चपला झिजवत राहतो, आई नवे लुगडे पुढच्या वर्षावर ढकलते आणि पोरगं ते पाहत असते. न बोललेले कर्ज फेडायची मुदत कोणती, व्याज किती, माफी आहे की नाही, हे विचारायची सोय नसते.

घराबाहेरही त्याला उसंत मिळत नाही. एके काळी मंडळ गुणवत्ता यादी जाहीर करत असे. अमरावती विभागात पहिला कोण, मुलींत पहिली कोण, हे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर छायाचित्रांसह येई. या शतकाच्या पहिल्या दशकात मंडळाने ती यादी बंद केली. मुलांवरचा ताण कमी व्हावा हाच हेतू होता. शासनाने बंद केलेले काम समाजाने आनंदाने अंगावर घेतले. आता निकालानंतर आठ दिवसांत राजकमल चौकापासून गल्लीबोळापर्यंत फलक लागतात. २०२५ मध्ये दहावीला राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले, त्यांतले ११३ लातूर विभागातले. मग ब्याण्णव टक्क्यांच्या मुलीचे अभिनंदन करताना लोकांच्या आवाजात किंचित सांत्वन मिसळू लागते. गुणवंतांचे सत्कार करणाऱ्यांत राजकीय पुढारी असतात, ज्ञातिसंस्था असतात, आणि राष्ट्रकार्य म्हणून समाजात वावरणाऱ्या आपल्या संस्थाही असतात. नव्वद टक्क्यांची रेषा आखून तिच्या वरच्यांना शाल द्यायची आणि त्याच भाषणात गुण म्हणजे सर्वस्व नव्हे असे सांगायचे, हे मुलांना हास्यास्पद वाटले तर दोष मुलांचा नाही.

निकालाची टक्केवारी वाढली आणि त्यातून एक उलटा परिणाम झाला, त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. २०२५ चा राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के होता. पूर्वी निम्मा वर्ग नापास होई तेव्हा नापास मुलाला सोबत असे; चार जण मिळून ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज भरत. आज शंभरांतला जो सहावा, तो वर्गात एकटा असतो.

येथे एक अवघड गोष्ट बोलणे भाग आहे. शेतकरी आत्महत्या या शब्दाशी अमरावती विभागाचे नाव दोन दशकांहून अधिक काळ जोडले गेले आहे. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधानांनी विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले. त्या सहांतले पाच जिल्हे याच विभागातले. आज परीक्षेला बसणारी पिढी हा शब्द पाळण्यापासून ऐकत आली आहे. इतरत्र मुलांना जी कल्पना परकी वाटते, ती येथे शेजारच्या घरातून, नात्यातून, वर्तमानपत्रातून ओळखीची झालेली असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवल्याची नोंद आहे. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. सगळ्यांचे कारण परीक्षा नव्हते, आणि एकाच कारणाने कोणी टोकाला जात नाही. पण हा आकडा पाहून वऱ्हाडातील घरांनी अधिक सावध असायला हवे.

सावध राहायचे म्हणजे पाळत ठेवायची नाही. मूल एकाएकी गप्प झाले, जेवण तुटले, रात्र रात्र जागू लागले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, ‘मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता’ असे हसत हसत बोलून गेले, तर ते वयाचे वेड म्हणून सोडायचे नाही. तुझ्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते ही समजूत चुकीची आहे. मानसोपचाराचा अनुभव असा, की विचारल्याने बहुधा मन मोकळे होते. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनाशुल्क सुरू आहे आणि मराठीत बोलता येते. जिल्हा सामान्य रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यात जेवढी लाज, तेवढीच येथे.

अभ्यासाविषयी थोडेच, कारण त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. ताण पूर्ण नाहीसा करण्याची गरज नाही. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्येच प्रयोगांती मांडले, की माफक ताणाने काम सुधारते आणि अवघड कामात तो मर्यादेबाहेर गेला की बिघडते. पाठ केलेले मनात पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत होते, म्हणून पेपरच्या आदल्या रात्रीचे जागरण म्हणजे भरलेले पोते तळाशी उसवणे. तेच पान पाचव्यांदा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. आणि जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, खाली बसून, पूर्ण सोडवाव्यात. निम्मी भीती तिसऱ्या प्रश्नपत्रिकेपर्यंत ओसरते. २०२३ पासून मंडळ पेपरच्या शेवटी दहा मिनिटे जादा देते, तीही सरावात धरावीत.

दहावीचे वर्ष लागले की घरात पहिली कुऱ्हाड पडते ती खेळावर. हे अमरावतीत व्हावे याचे विशेष वाटते. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी येथे हनुमान आखाडा उभा केला. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि १९३६ मध्ये त्याचे पथक बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. शरीर आणि मन एकाच दावणीला बांधलेले असते, ही त्या पिढीची धारणा होती. आज मैदानावरचा तासभर परीक्षेच्या नावाखाली कापला जातो आणि तो वेळ अभ्यासाला नव्हे, भ्रमणध्वनीला मिळतो. मुलींचे तर मैदान आधीच सुटलेले असते. त्यांच्या वाट्याला सोंगणीच्या दिवसांत मजुरांच्या भाकऱ्या, धाकट्यांचे आवरणे आणि मग रात्री अभ्यास. मुलींचा निकाल दरवर्षी मुलांपेक्षा चांगला लागतो, याचे कौतुक करताना त्याची किंमतही मोजावी.

घराने करायची मुख्य गोष्ट परीक्षेच्या बरीच आधी करायची आहे. दिवाळीनंतर एखाद्या संध्याकाळी आईवडिलांनी मुलाला समोर बसवून घराचा खरा हिशेब सांगावा. कर्ज किती, कोणाचे, कसे फेडायचे ठरले आहे. आणि त्या फेडीत तुझ्या गुणांचा एक पैसाही धरलेला नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. जे मूल अर्धवट ऐकून दहापट कल्पना करते, त्याला पूर्ण आकडा ऐकून हलके वाटते. अकोल्याच्या खोलीत राहणाऱ्याला रोज फोन करून चाचणीचे गुण विचारणाऱ्या वडिलांनी कधी हरभऱ्याला घाटे किती धरले तेही सांगावे. त्याला घर सुटल्यासारखे वाटत असते. त्या बातमीने ते परत मिळते.

नापास झाल्यास पुढे काय, हेही आधी माहीत हवे. दोन विषयांपर्यंत अनुत्तीर्ण राहिलेल्या दहावीच्या विद्यार्थ्याला ‘एटीकेटी’च्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो. पुरवणी परीक्षा वर्षभर थांबून द्यावी लागत नाही. २०२५ मध्ये ती २४ जूनला सुरू झाली, म्हणजे निकालानंतर सहा आठवड्यांत. गुण कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, पुनर्मूल्यांकन मागता येते, श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येते. अनेक पालकांना यातले काहीच ठाऊक नसते. मंडळाचे समुपदेशकांचे क्रमांक वर्तमानपत्रांत येतात आणि रद्दीत जातात.

निकालाच्या दुपारी ज्या घरी पेढे येतात तेथे माणसांची कमतरता नसते. वस्तीत, गावात ज्यांचा घरोघरी संपर्क आहे त्या कार्यकर्त्यांनी त्या दुपारी दुसऱ्या घरी जावे. उपदेश घेऊन जाऊ नये. लोकमान्यांनी महाविद्यालयातले पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले ही गोष्ट त्या दिवशी कोणालाही ऐकायची नसते. तासभर बसावे, मुलगा किंवा मुलगी घरात आहे ना हे पाहावे, चहा घ्यावा. दुसऱ्या दिवशी पुरवणी परीक्षेच्या अर्जाची मुदत काढून, मुख्याध्यापकांना भेटून, शाळेतून अर्ज भरून घ्यावा. शुल्क भरण्याची अडचण असेल तर ते भरावे, आणि जूनमध्ये पेपरच्या सकाळी पोराला गाडीवर बसवून केंद्रावर सोडून यावे.