दातांचं राहू द्या, आधी हर्नियाचं कलम वाचा

आपल्या घरातल्या तमाम तरुण आईबापांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. राग आला तरी चालेल. सगळा जन्म वर्गात उभं राहण्यात गेला आहे, रुसलेली तोंडं मला नवी नाहीत.

गेले पंधरा दिवस घरात एकच घोष चालू आहे. मुलांचा आरोग्य विमा घ्यायचा तर ‘डेंटलसकट’ घ्यायचा! हे खूळ आलं टोरांटोहून. तिथल्या भाचीने पुण्याच्या भावाला बजावलं की मुलांचं डेंटल घेतल्याशिवाय राहू नकोस. भाच्याने एजंटला विचारलं, एजंटने तत्परतेने जादा हप्त्याचा रायडर काढून दाखवला, आणि आता नाशिक, सुरत, शहादा सगळीकडचे आपले लोक तोच रायडर मागताहेत.

भाचीचं काही चुकलेलं नाही बरं का. ती जिथे राहते तिथलं ती बोलते. कॅनडात डॉक्टरचा आणि हॉस्पिटलचा खर्च सरकारी व्यवस्थेतून होतो, पण दातांच्या दवाखान्याचं बिल त्यात येत नाही. म्हणून तिथली माणसं नोकरीच्या ठिकाणाहून मिळणाऱ्या जादा विम्यावर अवलंबून असतात. ज्यांना तो मिळत नाही आणि ज्या कुटुंबाचं उत्पन्न ९० हजार डॉलरच्या आत आहे, त्यांच्या १८ वर्षांखालच्या मुलांना जून २०२४ पासून सरकारने दातांची वेगळी योजना दिली. म्हणजे तिथे पक्कं घर आधीच उभं आहे, त्याच्यावर माडी चढवायची की नाही एवढाच प्रश्न आहे. आपल्याकडे पाया खणलेला नाही आणि आपण माडीला रंग कुठला द्यायचा ते ठरवतोय.

आता आपल्या इथल्या पॉलिसीत दातांबद्दल काय लिहिलेलं असतं ते बघा. साध्या पॉलिसीत दात जवळजवळ वगळलेलेच असतात. अपघात झाला, जबडा मोडला, हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर पैसे मिळतील. कीड लागली, सिमेंट भरलं, तार बसवली, तर नाही. आणि एजंट जो रायडर दाखवतो त्याला वर्षाची एक मर्यादा असते. समजा, जादा हप्ता वर्षाला ४ हजार आणि दातांची मर्यादा ५ हजार. मग तुम्ही नक्की कसला विमा उतरवला? हजार रुपयांचा! तोही ठरलेल्या दवाखान्यात गेलात, सगळ्या पावत्या जपल्यात आणि अर्ज मुदतीत भरलात तर. मंडळी, याला विमा म्हणत नाहीत, याला भिशी म्हणतात. आणि भिशीत निदान आपली पाळी आली की पूर्ण रक्कम हातात पडते.

विमा कशाचा काढायचा असतो? जो खर्च आला तर घर विकावं लागेल त्याचा. दाताच्या सिमेंटचा खर्च टोचतो, मान्य आहे, पण त्याने कोणाचं शेत गेलेलं मी ऐकलेलं नाही.

दातांना विम्यापेक्षा डोळे लागतात. आईबापांचे डोळे. मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ गुपचूप येते. कुठलाही दात न पाडता येते, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. ती कायमची दाढ असते, जन्मभर पुरायची. आमच्याकडे बायका ती किडलेली बघूनही म्हणतात, ‘दुधना दात शे, पडी जाई!’ ती पडत नाही, सडते. चौथीतली मुलं गाल धरून बसलेली मी किती पाहिली असतील! त्यांच्या दप्तरात पाच रुपयांचा क्रीमचा बिस्किटपुडा असायचा, घरी ब्रश मात्र नसायचा. तर ती दाढ आली की दंतवैद्याकडे न्या. तिच्या खाचा वेळीच बुजवून घेतात, मुलाला दुखतही नाही. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, त्याच्याआधी तांदळाच्या दाण्याएवढी, आणि रात्री ब्रश झाल्यावर दूधबिस्कीट बंद. झाला तुमचा डेंटल प्लॅन. उरलेले ४ हजार पोस्टात टाका.

आता खऱ्या विम्याकडे येते, कारण मुलांना विमा नकोच असं माझं म्हणणं नाही. हवा, आणि लवकर हवा. पण कोणीच वाचत नाही ते कलम वाचा. ‘आरोग्य संजीवनी’ नावाची एक प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२० पासून विमा कंपन्या विकतात. सगळ्यांची कलमं सारखी, म्हणून समजून घ्यायला बरी. मूल तीन महिन्यांचं झालं की त्यात घालता येतं. सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, हे एजंट सांगतो. न सांगितलेलं पुढे आहे. काही आजारांसाठी २४ महिने थांबावं लागतं आणि त्या यादीत काय काय आहे? टॉन्सिल. अ‍ॅडिनॉइड. कानाच्या पडद्याचं ऑपरेशन. हर्निया. हायड्रोसील. अहो, लहान मुलांची नेहमीची ऑपरेशनं दुसरी आहेत कुठली! म्हणजे मूल तोंड उघडं टाकून घोरायला लागल्यावर विमा शोधायला निघालात तर दोन वर्षं नुसते हप्ते भरा. दुसऱ्या कंपन्यांच्या पॉलिसींतही हे थांबणं असतंच, मुदत तेवढी बघून घ्या. शिवाय एकदा घेतलेली पॉलिसी ‘यंदा काही झालं नाही’ म्हणून सोडलीत की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कंपनी आवडत नसेल तर बदला, पण नूतनीकरणाच्या वेळी पोर्ट करून बदला, म्हणजे झालेली वर्षं वाया जात नाहीत.

खोलीचं भाडंही बघा. याच पॉलिसीत विम्याच्या रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त ५ हजार रुपये रोज. २ लाखांचा विमा असेल तर ४ हजारांची खोली. नातेवाइकांसमोर बरं दिसावं म्हणून ८ हजारांची घेतलीत तर वरचे ४ हजारच जात नाहीत, डॉक्टरांच्या फीसारख्या इतर खर्चातही त्याच प्रमाणात कात्री लागते. आणि हो, सगळ्यांची मिळून जी फ्लोटर घेता तिच्यात कृपा करून मला घालू नका. हप्ता घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या वयावर ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, ती बचत माझ्या वयावर कशाला घालवता?

आणखी एक. ‘मुलांचा विमा तर आमचा आहेच’ असं सांगणारे निम्मे लोक मुलाच्या शिक्षणाची किंवा लग्नाची बचत पॉलिसी दाखवतात. ती बचत आहे. मुलाला डेंग्यू झाला तर तिच्यातून सलाइनची बाटलीसुद्धा यायची नाही.

मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? फुकट असलेल्या गोष्टीकडे नाक मुरडण्याचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली आहे, पांढऱ्या रेशनकार्डालासुद्धा. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत, ठरलेल्या उपचारांसाठी आणि ठरलेल्या रुग्णालयांत. आपल्यातल्या किती जणांनी त्या रुग्णालयांची यादी पाहिली आहे? आपण नंदुरबारचे लोक आजार झाला की रेल्वेत बसून सुरत गाठतो. सुरतही योग्यच असेल, पण गाडीत बसण्याआधी विचारा, हे ऑपरेशन योजनेतून धुळ्याला किंवा नाशिकला होतं का. तसंच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा पथक येऊन मुलं तपासतं. हृदयाचे जन्मजात दोष, दुभंगलेला ओठ, वाकडे पाय, आणि हो, किडलेले दातसुद्धा! पुढे पाठवायची चिठ्ठी मिळते ती दप्तराच्या तळाशी बिस्किटाच्या चुऱ्यात सापडते. हेच आईबाप विम्याला डेंटल आहे का विचारतात. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता असलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारची ‘निरामय’ योजना आहे, १ लाखापर्यंतची. तिच्यात बाहेरच्या बाहेर तपासणी आणि दातांची काळजीही येते. दातांचा विमा खरोखर कामाचा कुठे असेल तर तिथे. त्या घरांना मात्र कोणी सांगायला जात नाही.

शेवटचं, आणि हे आपल्या जिल्ह्यासाठी. धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची मुलं आता शाळेत जातात आणि त्यांच्यापैकी काहींना सिकलसेल आहे. अशा एका घरी विम्याचा फॉर्म भरताना एजंटने सांगितलं, ‘तिथे नाही लिहा, कोण बघतंय?’ मुलगी कळा येऊन दाखल झाली तेव्हा हॉस्पिटलच्या कागदावर पहिल्याच ओळीत सिकलसेल लिहिलेलं होतं. दावा नाकारला गेला. एजंट तोवर दुसऱ्या कंपनीत. नियम असा आहे की पाच वर्षं सलग विमा असला तर लपवल्याची सबब पुढे करून कंपनीला दावा नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षणही नाही. आणि जाणूनबुजून ‘नाही’ लिहिणं म्हणजे दुसरं काय?

खरं लिहिण्याचा मार्ग आहे. आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत आहे, आणि दिव्यांगांसाठी एक तरी पॉलिसी ठेवलीच पाहिजे असं नियामकाने आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये बजावलं आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून ती मागा. तोपर्यंत सरकारी रक्तपेढीतून सिकलसेलच्या मुलाला रक्त विनामूल्य मिळतं, ते घ्या. फॉर्म स्वतःच्या हाताने भरा, तपासणीच्या कागदाची झेरॉक्स जोडा, आणि पोच घेतलेली एक प्रत घरी ठेवा. एजंट कुरकुर करेल. करू दे.