'सगळं आधीच ठरलेलं असतं' हे वाक्य कुणाच्या सोयीचं?

प्राध्यापक भरतीची जाहिरात आली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य फिरू लागतं: सगळं आधीच ठरलेलं असतं. नेट-सेट झालेली, पीएचडी संपवलेली, घराण्यात पहिल्यांदा पदवी घेतलेली आपली मुलंमुली हे वाक्य बोलतात आणि फॉर्म भरत नाहीत. मला या वाक्याशी भांडायचं आहे. ते खोटं आहे म्हणून नव्हे. बरंचसं खरं आहे, आणि तरीही ते आपल्या कामाचं नाही.

आधी भीतीबद्दल. मोटिव्हेशनचं दुकान लावून बसलेले सांगतात, आत्मविश्वास वाढवा, नकारात्मक विचार सोडा. जणू भीती हा आपल्या डोक्यातला बिघाड आहे. अहो, ही भीती हिशेबातून आलेली आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारा मुलाखतीला गेला की त्याचे त्या दिवसाचे तास बुडतात, तासांबरोबर पैसे बुडतात. अर्जाचं शुल्क वेगळं, गाडीभाडं वेगळं, झेरॉक्सचा गठ्ठा वेगळा. त्यात यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार पदव्या आणि प्रकाशनांचे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरतेच, निवड मुलाखतीवर. वीस वर्षांचं शिक्षण बंद दाराआड पंधरा मिनिटांत तोललं जाणार, आणि तोलणारे कोण हे आपल्याला ठाऊक असतं. अशा जागी ज्याला भीती वाटत नाही, त्याचा बहुधा काका आत बसलेला असतो.

म्हणून भिऊ नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः अकरा मुलाखती दिल्यात आणि अकराही वेळा पाय लटपटलेत. एका ठिकाणी मला विषयावर एक प्रश्न विचारला गेला आणि गाव-आडनावावर तीन. निकाल लागला: योग्य उमेदवार आढळला नाही. त्या राखीव जागेसाठी आम्ही पाच जण गेलो होतो. पाचही जणांनी माहिती अधिकारात गुण मागितले. आलेल्या कागदावर पाचही जणांना सारखेच गुण, शंभरपैकी अठ्ठावीस! पाच वेगळ्या विद्यापीठांतून, पाच वेगळे विषय घेऊन आलेली माणसं, आणि गुण एकच. तो कागद जोडून आम्ही तक्रार केली. जागा पुन्हा जाहिरातीत आली. मला मिळाली नाही, आमच्यातल्याच एकीला मिळाली. ती आज तिथे शिकवते.

आता समजा आम्ही पाचही जण 'ठरलेलंच असतं' म्हणत घरी बसलो असतो. फायलीत काय लिहिलं गेलं असतं? उमेदवार उपलब्ध नाहीत. आपल्या निराशेचं सरकारी भाषांतर हे असं होतं. आणि रिकामी जागा नुसती रिकामी राहत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने एक मसुदा काढला. राखीव प्रवर्गातले उमेदवार पुरेसे मिळाले नाहीत, तर जागा अनारक्षित करण्याची वाट त्यात होती. ओरड झाली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये शिक्षण मंत्रालयाला आरक्षण उठणार नाही असा खुलासा करावा लागला. मसुदा मागे पडला, पण त्यामागची इच्छा कुठे जाणार?

निवड समितीचा नियमही बघा. उमेदवारांत एससी, एसटी, ओबीसी, महिला, अल्पसंख्याक किंवा दिव्यांग कुणी असेल आणि समितीत त्या प्रवर्गाचं कुणी नसेल, तर तसा एक प्राध्यापक समितीवर घ्यावा लागतो. अट नीट वाचा: उमेदवारांत कुणी असेल तर. आपण अर्जच केला नाही, तर ती खुर्चीसुद्धा मांडली जात नाही.

कुणी म्हणेल, पाच जणांनी काय होतं, व्यवस्था केवढी मोठी! मग तेरा बिंदूंचं रोस्टर आठवा. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हा आरक्षणाचा घटक धरला. त्या पद्धतीत ओबीसीची पहिली जागा चौथी, एससीची सातवी, एसटीची चौदावी. सहा शिक्षकांच्या विभागात एससीला शून्य. आदिवासी उमेदवाराला तेरा जागांपर्यंत शून्य. आरक्षण रद्द न करता संपवायची याहून सफाईदार रीत मी पाहिलेली नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली. तेव्हा आमच्या ग्रुपवर 'आता संपलं' याशिवाय दुसरा मेसेज नव्हता. पण दिल्लीपासून गावोगावी संशोधक विद्यार्थी आणि तात्पुरते शिक्षक रस्त्यावर आले. ५ मार्चला भारत बंद झाला आणि ७ मार्चला सरकारला अध्यादेश काढावा लागला. जुलैत त्याचा कायदा झाला आणि केंद्रीय संस्थांत पुन्हा संपूर्ण संस्था हा घटक झाला. निवडणूक तोंडावर होती म्हणून झालं, असं सांगणारे भेटतात. असू दे. निवडणूक असतानाही घरी बसलो असतो तर झालं नसतं.

आपल्याकडे २० मार्च १९२७ सर्वांना पाठ आहे. पण चवदार तळं आपल्याला खुलं असल्याचा महाड नगरपालिकेचा ठराव त्याआधी तीन वर्षं कागदावर पडून होता. पाणी प्यायल्यावर आपल्या लोकांची डोकी फोडली गेली. तळं खाजगी मालकीचं आहे असा दावा सनातन्यांनी कोर्टात केला, मनाई हुकूम आणला. डिसेंबरात जमलेल्या हजारो माणसांना बाबासाहेबांनी सत्याग्रह न करता परत पाठवलं. ती माणसं त्याच गावांत परतली, जिथे त्यांच्यावर दात धरून लोक बसले होते. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने आला १७ मार्च १९३७ रोजी. ही तारीख किती जणांना माहीत आहे? मधल्या दहा वर्षांत निराश व्हायला आपल्यापेक्षा जास्त कारणं होती त्यांना.

तेव्हा पुढची जाहिरात आली की आधी त्या विद्यापीठाची बिंदुनामावली मागा. केंद्रीय संस्थेकडे माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फॉर्म तुम्ही भराच, शेजारच्या खोलीतल्यालाही भरायला लावा. पैसे कमी पडत असतील तर वर्गणी काढा. जयंतीला काढतोच की आपण. मुलाखतीला गेलात की बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. नंतर गुण मागायचे आहेत, आणि ते सगळ्यांनी मिळून मागायचे आहेत.