हत्ती गेला, शेपूट राहिलं

फुटबॉलवर मी लेख लिहावा, हे आमच्या घरात कोणालाही खरे वाटणार नाही. शाळेत असताना मी तो खेळ एकदाच खेळलो. चेंडू माझ्याकडे आला तेव्हा मी अदबीने बाजूला झालो, कारण मागून येणारा मुलगा फार घाईत दिसत होता. त्यानंतर फुटबॉलने माझी आणि मी फुटबॉलची कधी विचारपूस केली नाही.

पण माणसाला मुलांपायी काय काय पाहावे लागेल याचा नेम नसतो. २०२१ च्या नोव्हेंबरात, ८ तारखेला, लस टोचून घेतलेल्या परदेशी प्रवाशांना अमेरिकेने पुन्हा दार उघडले, आणि त्याच आठवड्यात आमची ही आणि मी लिंकन या गावी जाऊन थडकलो. दिवाळी नुकतीच झाली होती. दोन पेट्यांपैकी एकीत कपडे होते आणि दुसरीत चिवडा, मेटकूट आणि चकलीची भाजणी.

लिंकन ही नेब्रास्का राज्याची राजधानी. तिथे आमचे चिरंजीव मातीतल्या ओलाव्यावर पीएच.डी. करीत होते. सहा वर्षे करीत होते! पाच प्रकरणे लिहून तयार होती. सहावे, निष्कर्षाचे, तेवढे राहिले होते. ते दोन वर्षे राहिलेच होते. फोनवर विचारले की, "होतंय बाबा," एवढेच उत्तर यायचे. तेव्हा समोरासमोर विचारावे, असा माझा बेत होता. पण पोचल्यावर चार दिवस मी हवापाण्यावरच बोलत राहिलो. मोठ्या झालेल्या मुलाला प्रश्न विचारणे सोपे नसते. उत्तर आपल्यासारखेच निघाले तर काय करा?

मी प्रबंधाचे काही विचारायच्या आतच त्याने मला फुटबॉलचे सांगायला सुरुवात केली. त्या गावात दुसरा विषयच नाही. नेब्रास्का म्हणजे मक्याचा मुलूख. विद्यापीठाच्या संघाला 'कॉर्नहस्कर्स' म्हणतात, म्हणजे कणसे सोलणारे. राज्यात या खेळाचा मोठा धंदेवाईक संघ नाही, त्यामुळे शेतकऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांचा जीव या कॉलेजच्या पोरांवर. त्यांचे मैदान सामन्याच्या दिवशी भरले की ओमाहा आणि लिंकन यांच्या खालोखाल राज्यातले तिसरे मोठे शहर म्हणजे ते मैदानच! १९६२ च्या नोव्हेंबरापासून तिथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपल्याची नोंद आहे. १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच वर्षे या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९९७ च्या संघाचा सूत्रधार होता स्कॉट फ्रॉस्ट. हाच घरचा मुलगा २०१७ च्या अखेरीस प्रशिक्षक म्हणून परत आला, तेव्हा गावाला वाटले, आता आपले दिवस पालटले.

मी गेलो तेव्हा फ्रॉस्टचे चौथे वर्ष चालू होते, आणि संघाचे काय चालले होते ते सांगतो. त्याआधी खेळ थोडा समजून घ्यावा लागेल. घाबरू नका, मलाही समजला आहे.

चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. एका बाजूला अकरा गडी. चार संधींत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला की पुन्हा चार संधी. तीन संधींत जमले नाही तर चौथ्या वेळी बहुधा तो लाथेने दूर टोलवतात, म्हणजे निदान दुसऱ्या बाजूला लांबून सुरुवात करावी लागते. चेंडू पार टोकाच्या हद्दीत नेला तर सहा गुण, आणि त्यावर बोनस एक किंवा दोन. नुसताच खांबांमधून टोलवला तर तीन. म्हणजे एका दमात जास्तीत जास्त आठ गुण. आठ किंवा त्याहून कमी गुणांनी गेलेला सामना म्हणजे एका फटक्याचा सामना. एवढे लक्षात ठेवले की पुरे.

आता हिशेब पाहा. २०२१ च्या मोसमात नेब्रास्का बारा सामने खेळली. तीन जिंकली, नऊ हरली. त्या नवांपैकी आठ सामने आठ किंवा कमी गुणांनी गेले, नववा नऊ गुणांनी. तिचे एकूण गुण झाले ३३५ आणि प्रतिपक्षांचे २७२. म्हणजे ६३ गुण जास्त करून नऊ सामने हरायचे! जिंकलेले तीन सामने होते ५२-७, २८-३ आणि ५६-७ असे. थोडक्यात, जिंकायचे तर भरभरून आणि हरायचे तर जरासे. जरासे जिंकणे तेवढे या संघाला येत नव्हते.

२६ नोव्हेंबरला, शुक्रवारी, मोसमाचा शेवटचा सामना शेजारच्या आयोवाशी होता. चिरंजिवांनी दोन तिकिटे काढली होती. ही म्हणाली, "एवढ्या थंडीत मी काही येणार नाही. मी घरी टीव्हीवर बघते आणि चकल्या करते."

ऐंशी हजारांवर माणसे, सगळी लाल कपड्यांत. माझ्या डाव्या हाताला सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते. तिसऱ्या भागात नेब्रास्काचे गुण झाले एकवीस, आयोवाचे सहा. मी हातमोज्यांतूनच टाळ्या वाजवल्या आणि आजोबांना म्हटले, "जिंकलात की!" त्यांनी कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि शांतपणे म्हणाले, "अजून वेळ आहे."

हे वाक्य हरणाऱ्या बाजूचा माणूस म्हणतो, असा माझा आजवरचा समज होता.

आणि खरोखरच वेळ होता. आयोवाने आधी तीन गुण काढले. मग नेब्रास्काच्या गड्याने चेंडू दूर टोलवायला पाय उचलला, तोच आयोवाचा एक गडी बाणासारखा आत शिरला. चेंडू त्याच्या अंगावर आपटून मागे उसळला, दुसऱ्याने उचलला आणि पळत हद्दीत नेला. पुढे आणखी तीन गुण. मग नेब्रास्का स्वतःच्याच टोकाच्या हद्दीत कोंडली गेली. त्याचे दोन गुण आयोवाला, आणि बरोबरी. शेवटी आणखी एक टचडाऊन. सलग बावीस गुण! सामना २८-२१ असा आयोवाच्या खिशात. माझ्या आजूबाजूला कोणी ओरडले नाही, कोणी शिवी दिली नाही. लोक नुसते उठले. आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जणू हरलो होतो तो मीच.

परतताना चिरंजीव वाटभर बोलत होते. मातीवर कधी एवढे बोलले नव्हते. सप्टेंबरात मिशिगन स्टेटविरुद्ध २०-१३ अशी आघाडी होती, चारपेक्षा कमी मिनिटे उरली होती. चेंडू टोलवायचा होता एका बाजूला, म्हणून सगळे धावले तिकडे. आणि तो गेला दुसरीकडे. पलीकडच्या गड्याने मोकळ्या रानातून बासष्ट यार्ड पळ काढला. जादा वेळेत सामना गेला २३-२०. त्याच्या आदल्या आठवड्यात ओक्लाहोमाविरुद्ध बोनसची किक अडवली गेली आणि पलीकडच्यांनीच पळवून तिचे दोन गुण केले. मिशिगनशी २९-२९ अशी बरोबरी असताना, शेवटच्या दोन मिनिटांत, हातातला चेंडूच निसटला.

"याला दुर्दैव म्हणायचं का रे?" मी विचारले.

"थोडंसं," तो म्हणाला. "पण बघा, बहुतेक ठिकाणी घोटाळा कशात झाला? लाथ मारण्यात. आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे वेगळे. ही तिसरी तुकडी घटकाभरासाठी मैदानात येते. तिच्यात बरेचसे नवे आणि राखीव. सरावातला उरलासुरला वेळ तिच्या वाट्याला. रोजच्या नजरेत ती भरत नाही. पण सामना अटीतटीचा झाला की तीच सामना घालवते."

दुसरे कारण त्याने सांगितले घड्याळाचे. गडी चेंडू घेऊन पळाला आणि मैदानातच पाडला गेला, तर घड्याळ चालू राहते. फेकलेला चेंडू झेलता आला नाही, तर थांबते. तेव्हा आघाडी मिळाली की कंटाळवाणे खेळायचे. दणकट गड्यांच्या आडून तीन-तीन, चार-चार यार्ड काढायचे आणि वेळ खात बसायचे. जुन्या नेब्रास्काची ख्याती याच खेळाबद्दल होती. फ्रॉस्टने नाव कमावले ते दुसरीकडे, झपाट्याच्या खेळावर. झपाट्याने आघाडी घेता येते. राखायला कंटाळा सोसावा लागतो.

मला हे पटले. घरी पोचलो तर खिडक्या सताड उघड्या, आणि ही टॉवेल हातात घेऊन छताला वारा घालते आहे! धुराची सूचना देणारी घंटा वाजून वाजून नुकतीच थांबली होती. ओट्यावर सोनेरी चकल्यांची परात, आणि तिच्या शेजारी कोळशासारख्या काळ्या आठ चकल्या.

"शेवटचा घाणा," ती म्हणाली. "त्यांचा तो चेंडू अडवला ना, तेव्हा बघत राहिले." आणि खुर्चीत बसत म्हणाली, "अहो, पहिला घाणा बिघडतो तो पिठामुळं. शेवटचा करपतो तो माणसामुळं. 'झालंच की आता' असं मनात आलं, की हातातला झारा थांबतो."

चिरंजिवांच्या अर्ध्या तासाच्या विवेचनात जे नव्हते, ते या तीन वाक्यांत होते. तो हसला, पण लगेच गप्प झाला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबा, विचारा ना. इथे आल्यापासून विचारायचंय तुम्हाला."

मी विचारले नाही. त्याऐवजी एक गोष्ट सांगितली, जी मी त्याला कधी सांगितली नव्हती. मी एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत शिकलो, हे त्याला ठाऊक होते. "मन रमलं नाही म्हणून सोडलं," असे मी सगळ्यांना सांगत आलो. ते खरे नव्हते. शेवटचे दोन पेपर राहिले होते, आणि अभ्यासही झालेला होता. पण पेपर दिले नाहीत तोवर मी नापास नव्हतो. देईन, देईन म्हणत चाळीस वर्षे मी नापास झालो नाही. वकीलही झालो नाही. त्या नेब्रास्काच्या पोरांचे मला माहीत नाही. पण ती निदान शेवटच्या मिनिटापर्यंत मैदानात असतात आणि फळ्यावर आपला पराभव लागलेला पाहतात. मी शेवटच्या डावाला मैदानातच गेलो नाही.

तो काही बोलला नाही. एक काळी चकली उचलून खाल्ली, आणि "वाईट नाही," म्हणाला. त्या रात्री त्याच्या खोलीत उशिरापर्यंत दिवा होता. लिहीत होता की सामना पुन्हा बघत होता, ते मी विचारले नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. फ्रॉस्टने त्याच महिन्यात, म्हणजे आयोवाच्या सामन्याआधी काही दिवस, चार सहायक प्रशिक्षकांना नारळ दिला होता. त्याने फरक पडला नाही. २०२२ च्या ऑगस्टात डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ अशी आघाडी असताना त्याने चेंडू पुन्हा आपल्याकडेच यावा म्हणून आखूड किक मारण्याचा जुगार खेळला. तो फसला, आणि सामना गेला ३१-२८. कंटाळा सोसला नाही, दुसरे काय! ११ सप्टेंबरला त्याला निरोप मिळाला. त्याच्या कारकिर्दीत एका फटक्याचे सत्तावीस सामने झाले. जिंकले पाच, हरले बावीस. नाणे सत्तावीस वेळा उडवून एवढा वाईट कौल हजारांत एकदाही पडेल, असा भरवसा नाही. तेव्हा सगळा दोष दैवाला देता येत नाही.

पण सगळा दोष एका माणसालाही देता येत नाही. नवा प्रशिक्षक आला, मॅट रूल. २०२३ मध्ये संघ चार सामने बरोबर तीन-तीन गुणांनी हरला! शेपूट धरून ठेवायची सवय माणसाबरोबर जात नाही; ती घरात मुरलेली असते, आणि एकेक घाणा लक्ष देऊन तळूनच सुटते. २०२४ मध्ये सात विजय झाले, आणि २८ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये बॉस्टन कॉलेजविरुद्धचा सामना नेब्रास्काने २०-१५ असा जिंकला. पाच गुणांनी! २०१६ नंतर प्रथमच हरण्यापेक्षा जिंकणे जास्त झाले. त्या दिवशी मला ते कोटाची चेन ओढणारे आजोबा आठवले.

आणि प्रबंध? तो २०२२ च्या उन्हाळ्यात सादर झाला. सहावे प्रकरण अकरा पानांचे आहे. त्याची एक प्रत आमच्या कपाटात आहे. मातीतले मला काही कळत नाही, पण ती अकरा पाने मी वाचली आहेत.

हे लिहीत असताना स्वयंपाकघरातून हाक आली आहे, "अहो, शेवटचा घाणा आहे, इथं येऊन उभे राहा." मी म्हटले, "लेखाचा शेवट राहिलाय."

"मग तो आधी करा," ती म्हणाली. "आणि 'झालंच की आता' म्हणू नका!"