साक्षगंधाआधी खरे सांगा, फसवणूक कळल्यावर वर्ष दवडू नका



सरकीची पिशवी घेताना आपण लॉट नंबर पाहतो, पक्के बिल मागतो. शेत घेताना सातबारा काढतो. पोरीची सोयरीक मात्र मध्यस्थाच्या शब्दावर उरकतो. मोठा आजार, आधी मोडलेले लग्न लपवले जाते. पोरीला तर कुणी विचारतच नाही.

प्रश्न जुनाच आहे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावून दिले होते. १८८४ मध्ये नवऱ्याने त्यांना नांदायला आणण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. अजाण वयातले, संमतीवाचूनचे लग्न आपल्याला मान्य नाही, असे त्यांनी ठणकावले. १८८७ मध्ये 'नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग' असा निकाल आला, तेव्हा तुरुंग पत्करीन म्हणाल्या. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या डॉक्टर झाल्या.

आज कायदा पोरीच्या बाजूने आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ नुसार जबरदस्तीने किंवा फसवून संमती घेतली असेल, तर न्यायालय विवाह रद्द ठरवू शकते. जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवणे हीसुद्धा फसवणूक, हे १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. पुरुषालाही हाच हक्क आहे.

खरी गोम मुदतीत आहे. फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. कळल्यावरही राजीखुशीने नांदत राहिले, तर हक्क जातो. 'चार लोकांत शोभा नको' म्हणत बैठका घेण्यात ते वर्ष निघून जाते. अन् स्टॅम्प पेपरवर लिहून घेतल्याने विवाह रद्द होत नाही, त्याला न्यायालयाचाच हुकूम लागतो.

आपल्या जिल्ह्यातील गोंड, कोलाम अशा अनुसूचित जमातींना हा कायदा सहसा लागू नाही, तेथे रूढी पाहावी लागते. मात्र बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ आदिवासींनाही लागू आहे. अठराच्या आत लग्न लावलेली मुलगी वीस वर्षे पूर्ण होण्याआधी ते रद्द करून मागू शकते. तिच्या लेकरांचा औरसपणा जात नाही.

ग्रामसेवक हे गावचे बालविवाह प्रतिबंध अधिकारी आहेत. त्यांनी पत्रिका छापण्याआधी वयाचा दाखला पाहावा. महिलांना वकील फुकट मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा.

आणि सर्वांत आधी, साक्षगंधापूर्वी पोरीला एकटीला बसवून विचारा, 'बाई, तुझं मन आहे का?'