समाधानाचा आकडा आणि सालदाराचे साल

कामगाराचे कामावरील समाधान मोजता येते काय, हा प्रश्न वरकरणी मानसशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो राजकारणाचा आहे. ‘आमची माणसे समाधानी आहेत’ हे वाक्य मालकवर्ग पिढ्यान्‌पिढ्या उच्चारीत आला आहे. त्याला पाहणीतील आकड्याचा आधार मिळाला, की मजुरीवाढीची मागणी ही बाहेरच्यांनी दिलेली चिथावणी ठरते. म्हणूनच हा आकडा कसा घडतो, हे कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पश्चिम जर्मनीत १९८४ साली सुरू झालेल्या आणि आजही चालू असलेल्या एका पाहणीत त्याच त्या कुटुंबांकडे दरवर्षी जाऊन, कामाबद्दल ० ते १० यांपैकी किती समाधान वाटते, हे विचारले जाते. ब्रिटनमध्ये १९९१ साली अशीच पाहणी सुरू झाली. तिची मोजपट्टी १ ते ७ अशी होती. माणूस तोच राहत असल्यामुळे त्याच्या मनात काळाबरोबर काय पालटले ते दिसते, हा अशा दीर्घकालीन पाहण्यांचा मोठा गुण होय.

परंतु समाधान मोजू पाहणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष बाळबोध समजुतींना धक्का देणारे आहेत. ब्रिटिश आकडेवारीच्या आधारे अँड्र्यू क्लार्क यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की स्त्रियांना कमी वेतन मिळूनही त्या पुरुषांहून अधिक समाधान नोंदवितात. तरुण आणि उच्चशिक्षित स्त्रियांत मात्र हा फरक आढळत नाही. याचा अर्थ उघड आहे. ज्याला आयुष्याने थोडेच मागायला शिकविले, तो थोडक्यात तृप्त होतो. अमेरिकेतील रिचर्ड फ्रीमन यांचा १९७८ चा निष्कर्ष तर अधिकच बोलका आहे. संघटनेचे सभासद असलेले कामगार असमाधान अधिक व्यक्त करतात. पण काम सोडून जातात कमी. संघटनेमुळे तक्रार बोलून दाखविण्याचे बळ येते आणि पळून जाण्याची गरज उरत नाही.

हे निष्कर्ष तापीकाठच्या सारंगखेड्याच्या परिसरात ताडून पाहावेत. शहादा तालुक्यातील हे गाव दत्तजयंतीच्या घोडेबाजारामुळे महाराष्ट्रभर ठाऊक आहे. पण या पट्ट्यातील काळ्या जमिनीची संपत्ती ज्यांच्या श्रमावर उभी राहिली, तो भिल्ल शेतमजूर आणि सालदार यात्रेच्या वर्णनात कुठे आढळत नाही. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला ठरते. वर्षाची रक्कम आधी बोलून घ्यायची, अडीअडचणीला त्यातूनच उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत बांधून राहायचे, ही त्याची रीत. अशा माणसाला मालकाच्या ओट्यासमोर उभे करून ‘तू समाधानी आहेस काय?’ असे विचारले, तर तो ‘हो’ म्हणणारच. त्या ‘हो’मध्ये समाधान किती आणि उचलीचे ओझे किती, हे कोणती मोजपट्टी सांगणार? बाजारात मुक्या घोड्याचे वय ठरविताना त्याचे दात पाहतात, चाल पाहतात. नुसत्या सांगीव गोष्टींवर व्यवहार होत नाही. बोलत्या माणसाच्या बाबतीत मात्र भीतीने दिलेले उत्तर पुरेसे मानले जावे, हे नवलच.

याच तालुक्यात १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांच्या मजुरीचे आणि कामाच्या तासांचे प्रश्न चव्हाट्यावर आले. आदिवासी स्त्रिया दारूविरुद्ध उभ्या ठाकल्या. त्या काळात येथे एखादी वार्षिक पाहणी चालू असती, तर १९७० चा सालदार ‘समाधानी’ आणि १९७३ चा ‘असमाधानी’ अशी नोंद झाली असती. तक्त्याने परिस्थिती बिघडल्याचा निर्वाळा दिला असता. प्रत्यक्षात मात्र माणूस जागा झाला होता. समाधान घटणे ही कित्येकदा प्रगतीची पहिली खूण असते.

मग असे मोजमाप टाकाऊच मानावे काय? मुळीच नाही. ते कामगाराच्या बाजूने करावयाचे, तर काही पथ्ये पाळावी लागतील. पहिले पथ्य मुदतीचे. केंद्र सरकारची श्रमबल पाहणी २०१७ पासून होते. जानेवारी २०२५ पासून तीत खेड्यातील कुटुंबांकडेही पुन्हा पुन्हा जाऊ लागले, हे स्वागतार्ह आहे. पण एका कुटुंबाकडे लागोपाठ चार महिनेच जायचे, असा तिचा नियम आहे. चार महिन्यांत सालदाराचे साल पुरे होत नाही, आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेले कुटुंब घरीही परतत नाही. अधिक काळ मागोवा घेणे अशक्य नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील निवडक गावांत त्याच कुटुंबांची माहिती वर्षानुवर्षे गोळा केलेली आहे.

दुसरे पथ्य असे, की जो काम सोडून गेला त्यालाही शोधून विचारले पाहिजे. अन्यथा असमाधानी माणसे यादीतून गळत जातात आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप वाढते. तिसरे, स्त्रीला स्वतंत्रपणे विचारले पाहिजे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पण समाधान काही जोडीने मोजता येत नाही. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रश्न नेमका हवा. ‘समाधानी आहात काय?’ यापेक्षा ‘उचल नसती, तर हेच काम पुढच्या आखाजीला धरले असते काय? मुलाने हेच काम करावे असे वाटते काय?’ असे विचारावे. आणि ते मालकाच्या अंगणात नव्हे, मजुराच्या झोपडीत विचारावे.

खेड्याखेड्यांत हिंडणाऱ्या कार्यकर्त्याला हे काम सरकारची वाट न पाहता आरंभिता येईल. एका वहीत पन्नास कुटुंबांची नोंद ठेवून दर आखाजीला तीच माणसे, तेच प्रश्न, एवढी शिस्त त्याला पुरेशी आहे. पाच वर्षांनी त्या वहीत कोणी काम बदलले, कोणाची उचल फिटली, कोण अधिक मागू लागला, हे दिसेल. आणि ‘आमची माणसे समाधानी आहेत’ या वाक्याला मजुरांच्याच तोंडचे उत्तर मिळेल.