गाडी नको, गाडीतला पार्ट बनवा

अनेक जण विचारतात, "सर, इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार आपण बनवू शकतो का?"

चाकणला महिंद्राची इलेक्ट्रिक बीई ६ बनते. याच ग्रुपच्या ऑटोमोबिली पिनिनफारिनाने २०१९ ला जिनिव्हात 'बॅटिस्टा' दाखवली. ताकद सुमारे १,९०० हॉर्सपॉवर, गाड्या जास्तीत जास्त १५०. पण आतली बॅटरी आणि मोटर कोणाची? क्रोएशियाच्या रिमॅकची! माते रिमॅकने गॅरेजमध्ये जुनी बीएमडब्ल्यू इलेक्ट्रिक केली, २००९ मध्ये कंपनी काढली. स्वतःची सुपरकार बनवली, तरी दुसऱ्यांना माल पुरवणं सोडलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. भोसरीत दोन सीएनसी मशीन असतील, तर स्वप्न गाडीचं बघा, धंदा पार्टचा करा. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नाही, सायलेन्सर नाही. म्हणून आजच हिशोब मांडा, तुमच्या जॉबवर्कपैकी किती काम फक्त इंजिनचं आहे? अर्ध्याहून जास्त असेल, तर बसबार, बॅटरी ट्रे, कूलिंग प्लेट यातलं एक निवडा आणि सॅम्पल बनवा. चालू काम बंद करू नका, नव्याचा खर्च त्यातूनच निघणार आहे.

गाडीवर नाव एकाचंच असतं, बिलं मात्र शेकडो जणांची निघतात. त्यात तुमचं असू द्या.